प्रश्न वाचकांचे : एक जेवण, एक राजधानी आणि छत्तीस फेऱ्या

मागील अंकात अमेरिकेच्या राज्यघटनेवर आलेला लेख वाचून त्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या काही वर्षांतील राजकारणाविषयी अनेक वाचकांनी विचारणा केली. त्यांपैकी एकमेकांत गुंतलेले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न १ : अमेरिकेची राजधानी कोठे असावी हे एका घरी जेवणाच्या वेळी ठरले, असे वाचनात आले. यात तथ्य किती? आणि राजधानीचा देशाच्या कर्जाशी संबंध काय?

उत्तर : जेवण झाले, हे खरे आहे, सगळे काही त्या जेवणातच ठरले, हे मात्र पूर्ण खरे नाही.

आधी कर्जाची बाजू पाहू. स्वातंत्र्ययुद्ध कर्जावर लढले गेले होते आणि ते कर्ज तीन प्रकारचे होते. काही परदेशातून घेतलेले, काही मध्यवर्ती काँग्रेसने देशातच उभे केलेले, आणि काही राज्यांनी आपापल्या नावावर काढलेले. परदेशी कर्ज फेडलेच पाहिजे याविषयी दुमत नव्हते. वाद पेटला तो उरलेल्या दोहोंवरून. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी जानेवारी १७९० मध्ये काँग्रेसपुढे ठेवलेल्या अहवालात असे सुचवले की देशांतर्गत कर्जाचे रोखे आज ज्याच्या हातात असतील त्याला त्यांचे पूर्ण मोल मिळावे, आणि राज्यांचे सुमारे अडीच कोटी डॉलरचे कर्जही केंद्र सरकारने आपल्या अंगावर घ्यावे. यामागचा त्यांचा हिशेब केवळ आकड्यांचा नव्हता. ज्याचे पैसे ज्याच्याकडे अडकलेले असतात तो त्याचे बरे चिंततो. देशातल्या सावकारांचे पैसे तेरा राज्यांऐवजी एकट्या केंद्राकडे अडकले, तर हे नवे, कोवळे सरकार टिकावे असे त्यांनाच मनापासून वाटू लागेल, असे ते गणित होते.

पण रोखे आज कोणाच्या हातात होते? युद्धात लढलेल्या सैनिकांना पगाराऐवजी जे कागद मिळाले होते, ते त्यांतल्या अनेकांनी पोटासाठी, मिळेल त्या भावाने, दर्शनी किमतीच्या लहानशा हिश्शाला विकून टाकले होते आणि घेणारे होते शहरांतले सट्टेवाले. म्हणून व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी प्रतिनिधिगृहात सूचना मांडली की आजच्या धारकाला बाजारातला सर्वांत वरचा भाव द्यावा आणि उरलेली रक्कम मूळ धारकाला, म्हणजे त्या सैनिकाला, मिळावी. ही सूचना १३ विरुद्ध ३६ मतांनी पडली. न्यायाच्या दृष्टीने मॅडिसन यांचे म्हणणे मला आजही पटते; परंतु रोखा विकत घेणाऱ्याचा हक्क सरकारने मागाहून कापला, तर पुढे सरकारी कागदावर विश्वास कोण ठेवील, ही हॅमिल्टन यांची शंकाही खोटी नव्हती. पत एकदा गेली की ती मागून मिळत नाही.

राज्यांच्या कर्जाचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. मॅसॅच्युसेट्स आणि साऊथ कॅरोलिना कर्जात बुडालेली होती. व्हर्जिनियाने मात्र आपल्या कर्जाचा मोठा भाग फेडत आणला होता. आम्ही काटकसर करून आमचे फेडले, आता दुसऱ्यांचेही आमच्याच करातून फेडायचे काय, हा व्हर्जिनियाचा सवाल साधा आणि सरळ होता. १२ एप्रिल रोजी प्रतिनिधिगृहाने ही योजना २९ विरुद्ध ३१ मतांनी फेटाळली. तिकडे कायमच्या राजधानीवरूनही ओढाताण चालूच होती. न्यूयॉर्क (तेव्हाची राजधानी), फिलाडेल्फिया, सस्क्वेहॅना नदीचा काठ, पोटोमॅक नदीचा काठ असे अनेक दावेदार होते आणि कोणा एकाच्या पदरात बहुमत पडत नव्हते.

जूनमधल्या त्या जेवणाची हकिगत आपल्याला कळते ती परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांनी पुढे लिहून ठेवलेल्या आठवणीतून. ते लिहितात की एके दिवशी अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या घराकडे जाताना रस्त्यात हॅमिल्टन भेटले. एरवी नीटनेटका असणारा हा माणूस त्या दिवशी खिन्न, ओढलेल्या चेहऱ्याचा होता आणि त्याच्या कपड्यांकडेही लक्ष नव्हते. अध्यक्षांच्या दारासमोर हॅमिल्टन यांनी जेफरसन यांना अर्धा तास येरझारा घालायला लावल्या आणि कर्जाची योजना बुडाली तर संघराज्यच फुटेल, असे पुन्हा पुन्हा सांगितले. जेफरसन यांनी त्यांना आणि मॅडिसन यांना आपल्या घरी जेवायला बोलावले. तेथे असे ठरले की मॅडिसन योजनेच्या बाजूने मत देणार नाहीत, पण विरोधाची धार बोथट करतील, आणि व्हर्जिनियाचे दोन प्रतिनिधी आपले मत बदलतील. दक्षिणेला ही गोळी कडू लागणार, म्हणून ती गोड करण्यासाठी राजधानी आधी दहा वर्षे फिलाडेल्फियाला आणि नंतर कायमची पोटोमॅकच्या काठी, म्हणजे आजच्या वॉशिंग्टनला, न्यायची. मत बदलणारे अलेक्झांडर व्हाइट आणि रिचर्ड ब्लँड ली हे दोघेही पोटोमॅकच्या बाजूच्या मतदारसंघांतले होते, हा योगायोग नव्हता. तरीही व्हाइट यांना ही गोळी गिळताना पोटात ढवळून आले, असे जेफरसन नमूद करतात.

राजधानीच्या कायद्यावर १६ जुलै १७९० रोजी अध्यक्षांची सही झाली आणि कर्जाच्या कायद्यावर ४ ऑगस्टला. मग त्या जेवणाला सगळे श्रेय का देऊ नये? कारण पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया यांच्या प्रतिनिधींची राजधानीविषयीची बोलणी त्याआधीपासून स्वतंत्रपणे चालू होती. फिलाडेल्फियाकरांना वाटत होते की राजधानी एकदा आपल्याकडे आली की दहा वर्षांनी ती हलवण्याचा उत्साह कोणाला उरणार नाही. शिवाय खुद्द कर्जाच्या कायद्यात आकड्यांची घासाघीस झाली होती. एकूण २ कोटी १५ लाख डॉलरपैकी मॅसॅच्युसेट्स आणि साऊथ कॅरोलिना यांचे प्रत्येकी ४० लाख केंद्राने स्वीकारले आणि तक्रार करणाऱ्या व्हर्जिनियाचेही ३५ लाख. म्हणजे व्हर्जिनियाचे प्रतिनिधी राजधानी तर घेऊन गेलेच, पण रिकाम्या झोळीनेही परतले नाहीत. घरी जाऊन लोकांना दाखवता येईल असे काहीतरी प्रत्येकाच्या हाती पडले, आणि माझ्या मते ही तडजोड टिकली ती यामुळे.

जेफरसन यांना मात्र पुढे पश्चात्ताप झाला. दोनच वर्षांनी, १७९२ मध्ये, त्यांनी वॉशिंग्टन यांना कळवले की हॅमिल्टन यांनी आपल्याला फसवून आपला हत्यारासारखा वापर केला आणि आपल्या राजकीय आयुष्यातील चुकांपैकी हिचेच दुःख सर्वांत अधिक आहे. त्यांची आठवण वाचताना ती या पश्चात्तापानंतरच्या माणसाने लिहिलेली आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

प्रश्न २ : कर्ज आणि राजधानी यांसारख्या प्रश्नांवर जर देवाणघेवाण होऊ शकली, तर याच धुरिणांनी गुलामगिरीचा प्रश्न तेव्हाच का सोडवला नाही?

उत्तर : हा प्रश्न वाचून मला बरे वाटले, कारण १७९० ची गोष्ट सांगताना तो बहुधा वगळला जातो. गुलामगिरीवर तडजोडी झाल्या नाहीत असे नाही, भरपूर झाल्या. पण त्या गुलामगिरी ठेवणारे आणि ती सहन करणारे यांच्यात झाल्या. १७८७ च्या घटनेत लोकसंख्या मोजताना गुलामांपैकी तीन-पंचमांश धरावेत असे ठरले. त्यामुळे ज्यांना मत नव्हते त्यांच्या डोक्यांवर त्यांच्याच मालकांना प्रतिनिधिगृहात जादा जागा मिळाल्या आणि अध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळातही जादा मते मिळाली. गुलामांच्या आयातीवर काँग्रेसने १८०८ पूर्वी बंदी घालू नये, हेही त्याच घटनेत लिहिले गेले. आणि एवढे सगळे करूनही ‘गुलाम’ हा शब्द त्या मजकुरात कोठेही येऊ दिला नाही. ‘इतर व्यक्ती’, ‘सेवेस बांधलेली व्यक्ती’ अशा आडवळणांनी काम भागवले. याला मराठीत अळीमिळी गुपचिळी म्हणतात, आणि तिची किंमत गप्प बसणाऱ्यांनी मोजली नाही.

ती गुपचिळी एकदा मोडली होती. फेब्रुवारी १७९० मध्ये, म्हणजे कर्जाचा वाद रंगात असतानाच, क्वेकर पंथीयांचे अर्ज प्रतिनिधिगृहात आले आणि पाठोपाठ पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचा अर्ज आला. त्यावर संस्थेचे अध्यक्ष बेंजामिन फ्रँकलिन यांची सही होती. वय ८४, प्रकृती खालावलेली, आणि घटना परिषदेत स्वतः सदस्य म्हणून बसलेला हा माणूस काँग्रेसला सांगत होता की तुमच्या अधिकाराची जी शेवटची सीमा असेल तिथपर्यंत जा. साऊथ कॅरोलिना आणि जॉर्जियाचे सदस्य संतापले; असे अर्ज घेतले तर संघराज्य राहणार नाही, अशी भाषा सुरू झाली. शेवटी २३ मार्च रोजी २९ विरुद्ध २५ मतांनी जो अहवाल नोंदवण्यात आला, त्यात राज्यांमधील गुलामांच्या मुक्तीत हस्तक्षेप करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही असे स्पष्ट लिहिले होते. फ्रँकलिन १७ एप्रिलला वारले.

या मतदानात फरक अवघ्या चार मतांचा होता, तरी तेवढ्यावरून संधी थोडक्यात हुकली असे मी म्हणणार नाही. त्या वसंत ऋतूत उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्स आणि दक्षिणेकडील साऊथ कॅरोलिना यांना कर्जमुक्तीसाठी एकमेकांची गरज होती. जेथे प्रत्येकाला दुसऱ्याच्या मताची निकड असते, तेथे जे त्या सभागृहात नाहीत त्यांचा प्रश्न आधी बाजूला पडतो. त्याच वर्षीच्या पहिल्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख भरली आणि त्यांत गुलाम होते सुमारे ७ लाख.

येथे पहिल्या प्रश्नातील जेवणाकडे पुन्हा वळावेसे वाटते. जेफरसन यांच्यासोबत पॅरिसहून परतलेले आणि तेथे फ्रेंच पाककलेचे रीतसर शिक्षण घेतलेले जेम्स हेमिंग्ज त्या दिवसांत न्यूयॉर्कला त्यांच्याकडेच होते. ते जेफरसन यांचे गुलाम होते. १७९३ मध्ये जेफरसन यांनी त्यांना लेखी वचन दिले की त्यांनी दुसऱ्या एका माणसाला आपली पाककला शिकवून तयार केले, तर त्यांना मुक्त केले जाईल. हेमिंग्ज यांनी आपला भाऊ पीटर याला शिकवले आणि १७९६ मध्ये ते स्वतंत्र झाले. पीटर मात्र गुलामच राहिला. त्या काळातील ज्या तडजोडींचे दस्तऐवज मी वाचले, त्यांत या लहानशा कागदाइतका बोलका कागद मला दुसरा आढळला नाही.

प्रश्न ३ : राज्य केवढेही असले तरी सिनेटमध्ये प्रत्येकाला दोनच जागा, हा नियम कसा आला?

उत्तर : याचे उत्तर थोडक्यात देता येते. फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत व्हर्जिनियासारख्या मोठ्या राज्यांना दोन्ही सभागृहांत लोकसंख्येनुसार जागा हव्या होत्या, तर डेलावेअर, न्यू जर्सी यांसारख्या लहान राज्यांना प्रत्येक राज्याला एक मत ही जुनी पद्धत सोडायची नव्हती. कनेक्टिकटच्या रॉजर शर्मन प्रभृतींनी सुचवलेला मधला मार्ग, म्हणजे एका सभागृहात लोकसंख्या आणि दुसऱ्यात समानता, १६ जुलै १७८७ रोजी ५ विरुद्ध ४ राज्यांच्या मतांनी कसाबसा मंजूर झाला, आणि तोही मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी आपसांत विभागले जाऊन त्या राज्याचे मत बाद झाले म्हणून. लहान राज्यांनी मग ही कमाई पक्की करून घेतली. ज्या राज्याचा सिनेटमधील समान वाटा कमी करायचा, त्याची स्वतःची संमती त्यासाठी लागते, असे घटनेतच लिहिलेले आहे.

प्रश्न ४ : अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या देशात सरकारवर टीका केल्याबद्दल लोकप्रतिनिधीलाच तुरुंगात टाकले होते, हे खरे काय?

उत्तर : होय. पहिल्या दहा घटनादुरुस्त्या डिसेंबर १७९१ मध्ये अमलात आल्या आणि सात वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच जुलै १७९८ मध्ये राजद्रोहाचा कायदा आला. फ्रान्सशी युद्धाचे ढग जमले होते आणि सत्ताधारी फेडरलिस्ट पक्षाला विरोधकांच्या प्रत्येक वर्तमानपत्रात शत्रूचा हात दिसत होता. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे आणि द्वेषमूलक लिखाण करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड, अशी शिक्षा ठेवली. उपाध्यक्षांचा मात्र या यादीत समावेश नव्हता, कारण उपाध्यक्ष होते विरोधी पक्षाचे जेफरसन. कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, म्हणजे अध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या कारकिर्दीचा शेवटचा दिवस. सत्ता गेल्यास हेच शस्त्र आपल्यावर उलटू नये, ही काळजी त्यातून उघड दिसते. लिखाण खरे असल्याचे सिद्ध झाले तर सुटका, ही तरतूद त्या कायद्यात होती आणि तत्कालीन इंग्रजी प्रघाताहून ती उदार होती, हेही सांगितले पाहिजे. पण राजकीय मत खरे आहे हे न्यायालयात सिद्ध कसे करायचे?

या कायद्याखाली पहिली शिक्षा झाली ती व्हरमाँटचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना. हे गृहस्थ मवाळ नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत कनेक्टिकटच्या रॉजर ग्रिसवोल्ड यांनी सभागृहातच त्यांच्यावर काठी चालवली आणि लायन यांनी शेकोटीचा चिमटा उचलून तिला उत्तर दिले होते. ॲडम्स यांच्या सरकारी थाटमाटावर केलेल्या लिखाणाबद्दल त्यांना चार महिने कैद आणि एक हजार डॉलर दंड झाला. मतदारांनी त्यांना कोठडीत असतानाच पुन्हा निवडून दिले. त्यांचे एक मत पुढे फार मोलाचे ठरले. ते खालच्या उत्तरात येईल.

प्रश्न ५ : १८०० च्या निवडणुकीत जेफरसन यांना समान मते पडली आणि शेवटी सौदा होऊन ते अध्यक्ष झाले, असे म्हणतात. नेमके काय घडले?

उत्तर : दोष मुळात घटनेच्या रचनेत होता. मतदारमंडळातील प्रत्येकाने दोन मते द्यायची. अध्यक्षासाठी कोणते आणि उपाध्यक्षासाठी कोणते असा भेद नव्हता. पहिला येईल तो अध्यक्ष आणि दुसरा उपाध्यक्ष. देशात पक्ष असे काही उभे राहणार नाही, असे समजून केलेली ही योजना होती. बारा वर्षांत दोन शिस्तबद्ध पक्ष उभे राहिले आणि जेफरसन यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या (आजचा रिपब्लिकन पक्ष तो हा नव्हे) सर्वच्या सर्व निर्वाचकांनी आपली दोन्ही मते पक्षाच्या दोन्ही उमेदवारांना दिली. त्यामुळे जेफरसन ७३ आणि ॲरन बर हेही ७३. फेडरलिस्टांनी एक मत जॉन जे यांना देऊन ही अडचण टाळली होती, म्हणून त्यांचे ॲडम्स ६५ आणि त्यांचे जोडीदार उमेदवार पिंकनी ६४ असे आकडे दिसतात.

आता निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. तेथे प्रत्येक राज्याला एक मत आणि १६ पैकी ९ राज्ये आवश्यक होती. मावळत्या सभागृहात फेडरलिस्टांचे बहुमत होते आणि त्यांतल्या बहुतेकांना जेफरसनपेक्षा बर परवडत होते. ११ फेब्रुवारी १८०१ रोजी, अर्धवट बांधलेल्या कॅपिटॉलमध्ये, पहिली फेरी झाली. जेफरसन ८, बर ६, आणि व्हरमाँट व मेरीलँड यांचे प्रतिनिधी आपसांत समसमान विभागलेले. फेरीमागून फेरी झाली, रात्र उलटली, आकडे हलले नाहीत. मेरीलँडचे जोसेफ निकोल्सन तापाने फणफणलेले होते. त्यांना बिछान्यासकट बर्फातून सभागृहात आणले आणि पत्नी उशाशी बसून असताना ते प्रत्येक फेरीत आपल्या चिठ्ठीवर नाव लिहीत राहिले. ते आले नसते, तर मेरीलँड बर यांच्याकडे गेले असते. बाहेर पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी, सत्ता हिरावली गेलीच तर, आपली नागरी सेना उभी करण्याची तयारी चालवली होती.

हॅमिल्टन यांनी याच सुमारास आपल्या पक्षातील मंडळींना पत्रांवर पत्रे लिहिली. दहा वर्षे ज्यांच्याशी त्यांचे हाडवैर होते त्या जेफरसन यांनाच निवडा, असा त्यांचा आग्रह होता. जेफरसन यांच्याकडे निदान चारित्र्याचा काही आव आहे, बर यांच्याकडे तोही नाही, असे त्यांचे म्हणणे. त्या पत्रांचा परिणाम किती झाला यावर मतभेद आहेत, पण पक्षापलीकडचा विचार करणारा हॅमिल्टन येथे मला विशेष मोठा वाटतो.

कोंडी फोडली ती डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड यांनी. एकट्याच्या हातात एका राज्याचे मत. १७ फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीत डेलावेअर आणि साऊथ कॅरोलिना यांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या, मेरीलँडच्या फेडरलिस्टांनीही तेच केले, व्हरमाँटचे फेडरलिस्ट सदस्य दूर राहिले आणि त्या राज्याचे मत उरले ते एकट्या मॅथ्यू लायन यांचे. जेफरसन १०, बर ४. जेफरसन यांना मत देण्याची पाळी एकाही फेडरलिस्टावर आली नाही. मतदानाच्या नोंदीत त्यांची लाज राखली गेली. समान मतांची ही आपत्ती पुन्हा ओढवू नये म्हणून १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती होऊन दोन्ही पदांची मते वेगळी करण्यात आली.

सौदा झाला काय? बेयर्ड यांनी पुढे शपथेवर सांगितले की मेरीलँडचे सॅम्युएल स्मिथ यांच्यामार्फत आपण जेफरसन यांच्याकडून आश्वासने मिळवली : सरकारी कर्जाला आणि नौदलाला धक्का लावायचा नाही आणि केवळ राजकीय मतांसाठी खालच्या अधिकाऱ्यांना काढायचे नाही. त्यात विल्मिंग्टन बंदराचे जकात अधिकारी ॲलन मॅक्लेन यांचे नावही घेतले गेले होते. असे कोणतेही वचन दिल्याचे जेफरसन यांनी साफ नाकारले. स्मिथ यांनी गप्पांच्या ओघात जेफरसन यांची मते काढून घेतली आणि ती वचने म्हणून पोहोचवली, अशी माझी समजूत आहे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असावेत. कर्ज फिटत राहिले, हॅमिल्टन यांनी उभारलेल्या राष्ट्रीय बँकेच्या सनदेला जेफरसन यांनी आपल्या कारकिर्दीत हात लावला नाही (ती १८११ मध्ये मुदतीनुसार संपली), आणि मॅक्लेन १८२९ मध्ये मरण पावेपर्यंत विल्मिंग्टनच्या त्याच खुर्चीवर होते.